न आलेल्यांची वही

प्रभागात नागरिकांची स्वयंसेवी समिती उभी करायची म्हटलं की पहिल्या बैठकीला कोण येणार हे न बघता सांगता येतं. निवृत्त मास्तर, रेल्वेतून किंवा एस.टी.तून निवृत्त झालेले दोन-तीन जण, गणेश मंडळाचे कार्यकर्ते, येत्या निवडणुकीवर डोळा असलेला एखादा भाऊ, आणि कुणीतरी आग्रहाने आणलेल्या बचत गटाच्या चार-पाच बाया. बाया दाराजवळ बसतात आणि चहा झाला की निघतात. आलेली माणसं कामाचीच असतात, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण त्यांनी केलेल्या ठरावावर ‘प्रभागातील समस्त नागरिक’ असं लिहिलं की कागद खोटा होतो.

२०११ च्या जनगणनेत आमच्या खानदेशातल्या जळगाव शहराची लोकसंख्या ४ लाख ६० हजार होती, धुळ्याची पावणेचार लाख. दोन्हीकडे २०१८ च्या निवडणुकीत १९ प्रभाग होते. म्हणजे एका प्रभागात वीस ते चोवीस हजार माणसं, आणि शाळेच्या हॉलमध्ये मावतात ऐंशी-शंभर. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. महाराष्ट्राच्या कायद्यात त्यांवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची सोय आहे, आणि २००९ मध्ये क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूदही आली. यातलं बरंचसं कागदावरच राहिलं. स्वयंसेवी समिती तर या चौकटीच्याही बाहेर. तिचा ठराव पाळायला कुणी बांधील नाही. तिचं वजन ठरतं ते तिने किती तऱ्हेच्या माणसांचं ऐकलं आणि ते दाखवता येतं का, यावर.

म्हणून आम्ही आमच्या समितीत दोन वह्या ठेवतो. एक हजेरीची, सगळीकडे असते तशी. दुसरी न आलेल्यांची. तिच्यात व्यक्तींची नावं नसतात, वस्त्यांची आणि गटांची असतात: अमुक वस्तीतले भाडेकरू, मजूर अड्ड्यावरचे पावरा आणि भिल आदिवासी मजूर, हातगाडीवाले, चटई कारखान्यात रात्रपाळी करणारे, व्हीलचेअरवरची माणसं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाया, तृतीयपंथी, कॉलेजात न जाणारी सतरा-अठरा वर्षांची पोरं. बैठक संपली की दहा मिनिटं याच वहीला द्यायची. यातलं कोण आलं नाही, आणि का आलं नाही, हे समोर लिहायचं. ‘निरोप दिला होता’ हे कारण आम्ही लिहू देत नाही. निरोप कुणी दिला, कधी दिला, कोणत्या भाषेत दिला, एवढं लिहिलं की बहुतेक वेळा कारण आपसूक सापडतं.

ही गटांची यादी टेबलावर बसून होत नाही. पहिला मोह मतदार यादी काढण्याचा असतो, कारण ती आयती मिळते. पण मतदार यादीत भाडेकरू अर्धेमुर्धे असतात, अठराच्या आतले नसतातच, आणि नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याहून बांधकामावर आलेल्या कुटुंबांची मतं त्यांच्या गावी. ज्यांचं मत इथे नाही त्यांच्याकडे तसंही कुणी फिरकत नाही. समितीनेही तीच यादी धरली तर येरे माझ्या मागल्या. म्हणून पायी फिरायचं, आणि एकाच वेळेला नाही. सकाळी सहाला फिरलं की पाण्याच्या रांगा, अड्ड्याकडे निघालेले मजूर, उघड्यावर शौचाला बसणारे दिसतात. दुपारी बाराला घरात कोण कोंडलेलं आहे ते कळतं. रात्री नऊला कुठल्या गल्लीत दिवा नाही आणि कुठल्या चौकातून बाया जायचं टाळतात ते उमगतं. तिन्ही फेऱ्यांचा एकच नकाशा हाताने काढायचा. ड्रॉइंग शीट पुरते. मोबाइलवरचा नकाशा मदतीला घ्यावा, पण नाल्याकाठच्या कच्च्या वस्त्या त्यावर बऱ्याचदा नुसत्या करड्या रंगाचा ठिपका असतात.

फिरताना दोन माणसं सोबत असली की काम निम्मं होतं: आशाताई आणि अंगणवाडी सेविका. शहरी भागात साधारण हजार ते अडीच हजार लोकसंख्येमागे एक आशा असते, त्यामुळे तिला घरनघर ठाऊक असतं. इथे एक पथ्य पाळायचं. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाला कसला आजार आहे, याची यादी तिच्याकडून मागायची नाही. ती माहिती तिच्या नोकरीची आहे, समितीची नाही. आपण तिच्या हाती निमंत्रण द्यायचं. ज्याला यायचंय तो तिच्यामार्फत कळवेल. एका समितीने उत्साहात अशी यादी व्हॉट्सॲप गटावर टाकली, तेव्हा त्या वस्तीची दारं त्यांना बरेच महिने बंद झाली.

सभासद ठरवताना पंधरा ते सतरा हा आकडा बरा. त्याहून कमी असले तर दोन आजारी पडताच काम थांबतं, जास्त झाले तर कुणीच जबाबदारी घेत नाही. निम्म्या बाया, हे आधीच ठरवायचं. मागून जागा भरू म्हटलं की त्या भरत नाहीत. कायद्याने यातलं काही नमुन्यादाखल करून ठेवलंय. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समितीवर किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. शिक्षण हक्क कायद्याच्या शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला. आपली समिती कायदेशीर नसली तरी हे प्रमाण दाखवून भांडता येतं.

प्रमाणाहून महत्त्वाचा नियम जोडीचा. कुठल्याही दुबळ्या गटातून एकच माणूस घ्यायचं नाही, दोघं घ्यायची. एकटी बाई, एकटा दिव्यांग, एकटा पावरा मजूर अशा खोलीत बोलत नाही. विचारलं तर ‘तुम्ही म्हणाल ते’ म्हणतो. दोघं असली की आपसात कुजबुजतात, आणि थोड्या वेळाने एक जण उभा राहतो. दुसरा नियम असा की प्रतिनिधी गटाने सुचवावा. आम्ही ‘त्यांच्यातला समजूतदार’ म्हणून ज्याला निवडतो तो बहुधा आमच्यासारखा बोलणारा असतो. तृतीयपंथी सभासदांच्या बाबतीत ‘लोक काय म्हणतील’ ही शंका हमखास निघते. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकच्या मतदारांनी जानेवारी २०२१ मध्ये अंजली पाटील यांना ग्रामपंचायतीवर निवडून दिलं, एवढं सांगितलं की ती शंका मिटते. त्यांचा अर्ज आधी नाकारला गेला होता आणि महिला राखीव जागेवरून लढण्यासाठी त्यांना उच्च न्यायालयात जावं लागलं होतं.

आता वेळ. बैठकीला माणसं न येण्याची निम्मी कारणं घड्याळात आणि कॅलेंडरात असतात. रविवारी सकाळी अकरा ही सर्वांत सोयीची वेळ असं पगारदार माणसाला वाटतं. त्याच वेळी बायांचा स्वयंपाक आणि धुणं, हातगाडीवाल्याचा धंद्याचा दिवस, मजुराच्या हप्त्याच्या बाजाराचा दिवस. नळाला पाणी येण्याचा दिवस आणि वेळ आधी विचारायची, त्या दोन तासांत कुठलीही बाई हलत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ वर जातो तेव्हा सकाळी आठच्या आत किंवा रात्री आठनंतर. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात लेकी-सुना माहेरी. श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार-सोमवार कानबाई देवीचा, तेव्हा भाऊबंदकीत रोटांचा नैवेद्य असतो आणि गावोगावची माणसं घरी येतात. जळगावात कार्तिकी एकादशीला रथ. शुक्रवारी दुपारी जुम्मा. रमजानमध्ये संध्याकाळ टाळून सकाळी उशिराची वेळ घ्यावी. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत शहराच्या कडेच्या वस्त्यांतल्या बाया कापूस वेचायला सकाळी गाडीत बसून जातात आणि दिवेलागणीला परततात. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात. हे सगळं एका मोठ्या कॅलेंडरवर रंगीत पेनाने मांडलं की लक्षात येतं, सगळ्यांना जमेल अशी एक वेळ नाहीच. मग एकाच विषयावर तीन छोट्या बैठका घ्यायच्या, वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या ठिकाणी. काम वाढतं खरं. पण शंभरांची एक सभा भरवण्यापेक्षा वीस-वीसच्या तीन बैठकांत जास्त कळतं, हे आमचं ठाम मत झालंय.

जागा निवडताना फुकट मिळतेय म्हणून समाजमंदिर, मंदिराचा सभामंडप किंवा जमातखाना घेऊ नये. तिथे कुणी अडवत नाही, पण ज्यांची ती जागा नाही ते उंबऱ्याशी थबकतात. महापालिकेच्या शाळेचं पटांगण, अंगणवाडी, उद्यान, नाहीतर सरळ गल्लीतला पिंपळाचा पार. शाळेसाठी मुख्याध्यापकांना आणि शिक्षण विभागाला किमान आठ दिवस आधी अर्ज करावा, आणि झाडलोट कोण करणार तेही त्यातच लिहावं, म्हणजे परवानगी लवकर मिळते.

व्हीलचेअरची गोष्ट लोक शेवटी आठवतात आणि मग चार पोरं खुर्ची उचलून नेतात. माणसाला सामानासारखं उचललं की तो पुढच्या वेळी येत नाही. उताराचं प्रमाण १ ला १२ आहे. दीड फूट उंच ओट्याला १८ फूट लांब उतार लागतो. चार फुटांची फळी टाकून तो होत नाही, उलट गाडी मागे कलंडते. एवढी जागा सहसा नसते, म्हणून ओटा सोडून जमिनीवर बसायचं, सगळ्यांनीच. दार तीन फूट रुंद हवं. पाण्याचा माठ आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी जाऊन बघावं. कुलूप असतं आणि किल्ली शिपायाच्या घरी असते. ऐकू न येणाऱ्यांसाठी मूकबधिर शाळेतल्या शिक्षकांना आठवडाभर आधी विचारलं तर बहुधा येतात, त्यांना रिक्षाभाडं द्यावं. खुणा करणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल असं बसवावं, खिडकीकडे पाठ करून नव्हे.

भाषेचं इथलं दुखणं वेगळंच. सगळ्यांना मराठी येतं असं आपण धरून चालतो आणि ते वरवर खरंही असतं. पण अर्जाची मराठी एक आणि घरातली वेगळी. धुळे-अमळनेरकडची मंडळी अहिराणीत बोलतात, भुसावळ-यावलकडची लेवा बोलीत, शहरात हिंदी-उर्दू आहे, सिंधी आहे, मजुरांत पावरी आणि भिली. ‘आपल्या प्रभागातील नागरी सुविधांबाबत आपले अभिप्राय काय आहेत?’ या प्रश्नाला उत्तर येत नाही. ‘पानी कव्हय येस? अडचण काय शे?’ म्हटलं की वीस मिनिटं थांबवता येत नाही. म्हणून सूत्रसंचालन वस्तीच्या बोलीत, आणि टिपण घेणाऱ्याने शब्द बदलायचे नाहीत. ‘गटार तुंबली’ या वाक्याचं ‘मलनिस्सारण व्यवस्थेत अडथळा’ नंतर कार्यालयात करता येतं. पावरीसाठी मुकादमाला दुभाषी करू नये. मजूर त्याच्यासमोर त्याच्याविषयी काय बोलणार? अड्ड्यावरच्या बायांपैकी जिला दोन्ही भाषा येतात अशी एक सापडते, थोडं शोधावं लागतं. दुभाष्याचं काम करणाऱ्या मजूर बाईचा तेवढ्या वेळाचा रोज बुडतो, तो समितीने द्यावा.

बैठकीत हारतुरे, दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक काही नाही. यावर दर वेळी वाद होतो, कारण आपल्याकडे शालीशिवाय कार्यक्रम पार पडला असं वाटतच नाही. पण सत्कारात पाऊण तास गेला की तान्हं मूल घेऊन आलेली बाई निघून जाते. नगरसेवक किंवा अधिकारी आले तर त्यांनी पहिली चाळीस मिनिटं ऐकायचं, मग बोलायचं. हे फोनवर आधीच सांगून ठेवावं, तिथे सांगितलं तर अपमान वाटतो.

मत घेताना हात वर करायला सांगू नये. सासऱ्यासमोर सुनेचा हात वर जात नाही, सावकारासमोर कर्जदाराचा जात नाही. आम्ही दाण्यांनी मत घेतो. जळगावात डाळमिलमुळे अख्खी तूर कुठेही मिळते. पुरुषांना तुरीचे तीन दाणे, बायांना हरभऱ्याचे तीन. पाच रिकामे डबे, प्रत्येकावर हाताने काढलेलं मोठं चित्र: नळ, गटार, रस्त्याचा दिवा, शौचालय, घंटागाडी. डब्याच्या तोंडाला जाड कापड ताणून बांधायचं आणि मधोमध बोटभर चीर द्यायची. डबे आडोशाला, दोरीवर साडी टाकून तिच्यामागे, कमरेच्या उंचीवर ठेवायचे म्हणजे व्हीलचेअरवरूनही हात पोहोचतो. न दिसणाऱ्यांसाठी डब्याच्या सुतळीला एक, दोन, तीन अशा गाठी मारायच्या आणि कुठली गाठ कशाची ते आधी मोठ्याने सांगायचं. तिन्ही दाणे एका डब्यात टाकले तरी चालतात.

यात चुकतं ते असं. डबे उघडे ठेवले की पहिल्या पाच जणांचा ढीग बघून पुढचे सगळे तिकडेच टाकतात. सात-आठ डबे ठेवले तर लोक गोंधळून मधल्याच डब्यात टाकतात, पाचाच्या पुढे जाऊ नये. लहान पोरं दाणे खातात, म्हणून जरा जास्तीचे न्यावेत पण ते मोजून द्यावेत. मोजणी तिथेच, सगळ्यांसमोर, वर्तमानपत्रावर डबा उलटा करून करायची आणि तूर-हरभरा वेगळा करायचा. खरी गंमत या शेवटच्या पायरीत आहे. नुसती बेरीज केली तर गटार पहिली आणि शौचालय तिसरं असं दिसतं. दाणे वेगळे केले की कळतं शौचालयाच्या डब्यात जवळजवळ सगळा हरभराच आहे. मग चर्चा आपोआप दुसऱ्या दिशेने जाते. मागे बसलेली कुणी तरी सांगते की शौचालय आहे, पण त्याच्या वाटेवरचा दिवा गेलाय म्हणून रात्री जाता येत नाही. म्हणजे मागणी बांधकामाची नसतेच, एका दिव्याची असते.

इथून पुढे कागद. प्रत्येक मागणीचा वेगळा अर्ज करायचा. दहा मागण्यांचं एक निवेदन दिलं की ते पाच विभागांत फिरतं आणि कुठेच थांबत नाही. अर्जात जागा नेमकी लिहावी, विजेच्या खांबाचा क्रमांक, शेजारच्या दुकानाची खूण, फोटो. दोन प्रती न्याव्यात, आवक-जावकला एक द्यावी, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. अधिकाऱ्याच्या हातात दिलेला अर्ज आणि सोबत काढलेला फोटो याला पोच म्हणत नाहीत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्यासाठी अर्ज १५ दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो, आणि तिथे तक्रार वैयक्तिक लागते. समितीचं सामूहिक निवेदन तिथे चालत नाही. ज्या घराला त्रास आहे त्या घराने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा, समितीने लिहून द्यायचा आणि सोबत जायचं. पैशाची कामं असतील तर दिवाळीच्या आधी अर्ज गेलेला बरा, कारण पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यात होते. फेब्रुवारीत गेलं तर वरातीमागून घोडं. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत ठेवली आहे, तिचा दाखला जोडावा. दिव्यांगांसाठी महापालिकेच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी राखायचा असतो. तो किती राखला आणि किती खर्च झाला हे माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत विचारता येतं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेवढेही लागत नाहीत.

समित्या बंद पडतात त्या अर्ज देऊन झाल्यावर. लोकांनी दाणे टाकले, कागद गेले, पुढे काय झालं कुणी सांगायला आलं नाही. पुढच्या बैठकीला तीच वस्ती येत नाही आणि आपण म्हणतो, लोकांना काही पडलेली नाही. म्हणून अर्ज दिल्यापासून तीन आठवड्यांत त्याच गल्लीत परत जायचं, हाती काही नसलं तरी. अंगणवाडीच्या भिंतीवर काळा फळा लावून खडूने लिहायचं: मागणी, अर्जाची तारीख, आवक क्रमांक, सद्यस्थिती. ‘उत्तर नाही’ हीसुद्धा सद्यस्थिती आहे, ती लिहावी. ‘नाकारलं’ असेल तर कारणासकट लिहावं. वाचता न येणाऱ्यांसाठी झालेल्या कामापुढे हिरवा ठिपका, अडकलेल्यापुढे लाल. व्हॉट्सॲप गट यासाठी पुरत नाही. घरात फोन एकच असतो आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो. शिवाय आठवड्याभरात गट सुप्रभात आणि वाढदिवसांनी भरतो. गट ठेवायचाच तर त्यावर फक्त समितीला लिहिता येईल अशी सोय करून, आणि निरोप आवाजात, बोलीत, मिनिटाच्या आत.

स्वयंसेवकांचंही थोडं. विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतली मुलं मिळतात, त्यांना वर्षाला १२० तास द्यायचे असतात. मात्र परीक्षा आल्या की ती गायब, तेव्हा नोंदींची जबाबदारी त्यांच्यावर एकट्यावर नको. मुलामुलींच्या जोड्या करून पाठवावं. नुसत्या पोरांसमोर बाया दार उघडत नाहीत, नुसत्या पोरींना घरचे रात्री सोडत नाहीत. पैसे कमीच लागतात, पण जे लागतात ते नेमके समावेशाचे असतात: रिक्षाभाडं, दुभाष्याचा रोज, मुलांकडे बघणाऱ्या बाईचं मानधन. वर्गणी जमली की पहिली उडी बॅनर आणि मंडपावर पडते. आम्ही बॅनर छापत नाही. बॅनरवर फोटो कुणाचा आणि कितवा यावरून समिती फुटायला वेळ लागत नाही.

अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी बदलतं, आणि निवडणुकीला उभं राहणारा अर्ज भरायच्या आधी समिती सोडतो. न आलेल्यांची वही अध्यक्षाकडे ठेवत नाही. ती जोडीने आलेल्या सभासदांपैकी एकाकडे असते, कारण कोण आलं नाही हे त्यांच्या डोळ्यांना आधी दिसतं. वहीत एखादा गट लागोपाठ तीन बैठकांना गैरहजर दिसला, तर चौथी बैठक त्या गटाच्या दारात, त्यांच्या वेळेला होते, मग ती वेळ रात्रपाळी सुटल्यावरची सकाळी सातची असो.